ओला रस्ता, जड गाडी

मध्य प्रदेशातल्या भरवेलीची ओळख मँगनीजची. नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘मॉयल’ कंपनीची बालाघाट खाण इथेच. आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींत तिची गणना होते. हे खनिज कोळशाच्या दुपटीहून जड, त्यामुळे ट्रकचा हौदा अर्धा रिकामा दिसला तरी वजनाची मर्यादा गाठलेली असू शकते.

आता त्यात पावसाळा धरा.

ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एवढा रस्ता संपतो. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. रस्ता ओला असेल तर आणखी वाढते. टायरच्या नक्षीतून पाणी बाहेर फेकले जाते, म्हणून तिची खोली मोटारीला किमान 1.6 आणि दुचाकीला 0.8 मिलिमीटर हवी, असा नियम आहे. ट्रकमध्ये मर्यादेपेक्षा जादा माल भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीने 20 हजार रुपये दंड ठरवला, शिवाय प्रत्येक जादा टनामागे 2 हजार.

तेव्हा श्रोतेहो, आज निघण्यापूर्वी टायर बघा, दिवे पुसून घ्या, पुढच्या ट्रकपासून ऐसपैस अंतर ठेवा. दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट द्या.