न उचललेला हात

कोणी मारायला आलं की हात आपोआप वर जातो. तो विचार नसतो, शरीराची सवय असते. २१ मे १९३० रोजी गुजरातमधल्या धारासना इथल्या मिठागरावर सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली गेलेल्या सत्याग्रहींनी तोही हात उचलला नाही. लोखंडी टोकाच्या लाठ्या डोक्यांवर पडत राहिल्या. एक रांग कोसळली की दुसरी पुढे येई. अमेरिकन पत्रकार वेब मिलर यांनी तात्पुरत्या दवाखान्यात जखमी मोजले, ते ३२० होते. दोघे दगावले होते.

मी सॉफ्टवेअर लिहितो. प्रोग्राम चुकला तर आम्ही त्याला दोष देत नाही. त्याने फक्त सूचना पाळल्या. 'वरून ऑर्डर होती' म्हणणारा शिपाई हीच सूट मागतो. पण समोरचा हातच उचलत नसेल, तर प्रत्येक फटका हा नवा निर्णय असतो, आणि तो माणसालाच घ्यावा लागतो.

आज लाठीमाराचा व्हिडिओ आला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, 'आधी यांनी काय केलं असेल?' धारासनाला त्याचं उत्तर होतं, ते मीठ उचलायला चालत आले. तरी मी कारण शोधतोच. कारण सापडलं की जखमी मोजावे लागत नाहीत. ती सूट मलाही हवी असते.