रोहिदासाला कोणी विचारले?

हरिश्चंद्राची कथा ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. स्वप्नात दिलेले दान खरे करण्यासाठी राजाने राज्य सोडले, पुढे दक्षिणेसाठी तारामती आणि रोहिदास विकले गेले, आणि तो स्वतः डोंबाघरी राबला. मोठी माणसे ही कथा ऐकून राजाला हात जोडतात. माझ्या वर्गातल्या मुलांचे लक्ष मात्र नेहमी रोहिदासाकडे असते. वचन बापाने दिले. मग साप त्याला का चावला? प्रश्न लहान तोंडचा असला, तरी लहान नाही. ज्याने व्रत घेतले त्याने स्वतःचा जीव धोक्यात घालावा, हे आपल्याला पटते. पण बायकामुलांची सुरक्षितताही त्याच पारड्यात टाकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

नसरापूरला जाता-येता हा प्रश्न मला आठवतो. आज हे गाव बनेश्वराच्या देवळामुळे आणि वेल्ह्याकडे जाणाऱ्या वाटेमुळे लोकांना ठाऊक आहे. पण भोर संस्थानच्या काळात येथे ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’चे ठाणे होते. चार्ल्स रीव्ह यांनी १८९३ साली ही संस्था स्थापन केली आणि दूर ऑस्ट्रेलियातून माणसे तिच्या कामासाठी इकडे येत. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी आपले मत काहीही असो. माझ्या डोळ्यांपुढे येते ती अशा एखाद्या कुटुंबातली आई. भाषा परकी. पाणी उकळल्यावाचून मुलाच्या ओठाला लावायचे नाही. त्याचे अंग तापले, की हा साधा हिवताप की आणखी काही, या विचारात रात्र काढायची. माहेरचे पत्र बोटीने येणार. १८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला. त्या दिवसांत तर घरात मेलेला उंदीर दिसला तरी कोणाच्याही काळजात धस्स व्हावे.

कोणी म्हणेल, बायकामुलांना मायदेशी पाठवावे, म्हणजे प्रश्न सुटला. गॉर्डन हॉल यांनी तेच केले. १८१३ साली मुंबईस आलेले हे अमेरिकन मिशनरी. मुलांच्या प्रकृतीसाठी १८२५ साली त्यांनी पत्नी मार्गारेट आणि दोन मुलगे यांना अमेरिकेला रवाना केले. त्यांतला एक मुलगा वाटेत बोटीवरच वारला. हॉल मागे राहिले. पुढल्या वर्षी नाशिककडे पटकीची साथ चालू असता ते फिरतीवर होते. जवळची औषधे रोग्यांना वाटून ते परत निघाले आणि वाटेत पटकीने त्यांनाच गाठले. २० मार्च १८२६ रोजी एका देवळाच्या ओसरीवर त्यांनी प्राण सोडला. ज्या देवधर्माविरुद्ध ते बोलत आले, त्याच्याच ओसरीने त्यांना शेवटचा आसरा दिला, ही गोष्ट हृद्य खरीच. परंतु मला अधिक आठवतात त्या मार्गारेटबाई. सुरक्षित म्हणून धरलेल्या वाटेवर मुलगा गेला, आणि पतीच्या अंतकाळी त्या महासागरापलीकडे होत्या.

म्हणजे नेणे की ठेवणे, एवढ्यावर न्याय होत नाही. सीता वनात गेली ती रामाच्या तोंडून वनातली सारी भये ऐकून आणि तरीही हट्ट धरून. ऊर्मिला राजवाड्यात सुरक्षित राहिली. पण तिला विचारले कोणी? विचारणे आणि न विचारणे, यातच अर्धा निवाडा आहे.

उरलेला अर्धा मुलांचा, आणि तोच कठीण. बाबा आमटे वरोऱ्याजवळच्या माळावर कुष्ठरोग्यांसह राहायला गेले, तेव्हा साधनाताईंबरोबर विकास आणि प्रकाश ही लहान मुलेही होती. पुढे दोघेही डॉक्टर होऊन सेवेतच राहिले. पण शेवट गोड झाला म्हणून आरंभ योग्य ठरत नाही. ग्रॅहम स्टेन्स या ऑस्ट्रेलियन मिशनऱ्याने ओडिशात कुष्ठरोग्यांचीच सेवा केली. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर येथे जमावाने त्यांची गाडी पेटवली. आत त्यांच्यासह दहा आणि सहा वर्षांचे दोन मुलगे झोपले होते. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्या पुढे काही वर्षे तेथेच राहिल्या. त्या क्षमेपुढे मान लवते. तरी त्या दोन मुलांच्या वतीने बोलायला कोणी उरत नाही.

आता मी बापाला दोषी ठरवणार, असे वाचकांना वाटेल. तसे करू जाता वेल्ह्याचे मूल आडवे येते. तोरण्या-राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यांवर पाऊस कोसळतो, ओढे फुगतात, भातखाचरात अनवाणी पाय उतरतात. मिशनऱ्याच्या मुलाला फुरसे चावले तर, असे आपण विचारतो. त्या खाचरातल्या पोराविषयी असे कोणी विचारले? पाहुण्याच्या मुलाच्या बाबतीत जो धोका, तोच गावच्या मुलाच्या बाबतीत ‘परिस्थिती’ होतो. अशा वाडीवर नेमणूक झालेली परिचारिका लेकराला घेऊन मुक्कामाला राहिली, की नातलग म्हणतात, ‘लेकराचे हाल कशाला करतेस, बाई?’ त्यांची माया खोटी नाही. पण ज्याचे स्वतःचे मूल त्या गावात झोपते, तो औषधाची पेटी रिकामी राहू देत नाही, हेही खोटे नाही.

म्हणून मला वाटते, धोका वाटून घेणे वेगळे आणि मुलाला त्या धोक्याच्या स्वाधीन करणे वेगळे. शेजाऱ्याची मुले ज्यात वाढतात, त्यात आपली वाढवावीत. पत्नीला सारे खरे सांगून, आणि तिच्या ‘नाही’ला मान देऊन. पण ज्या दिवशी धोका शेजाऱ्यांचा न राहता नेमका आपल्याच दारावर येतो, त्या दिवशी मुलांना दूर न्यावे. त्यात व्रताला कमीपणा नाही. हॉल यांनी मुलांना पाठवले ते योग्यच होते, समुद्राने काहीही केले तरी.

कथेच्या शेवटी देव प्रसन्न होतो आणि रोहिदास उठून बसतो. कथेत ते शोभते. आपण निर्णय घेताना मात्र तो उठणार नाही, असेच धरून चालावे.