रंगविद्या आणि गुरूचे सान्निध्य

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे संत गोरोबाकाकांनी कुंभाराच्या थापटण्याने संतांची डोकी मडक्यांसारखी पारखली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही परंपरेतील कथा असा प्रश्न उभा करते की, ज्ञान केवळ सांगण्याने पोहोचते की त्यासाठी पारखणारा हातही जवळ असावा लागतो. हेच तेर म्हणजे प्राचीन तगर, जेथून साधे कापड आणि मलमल भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे.

आज याच जिल्ह्यात कोणी घरबसल्या ऑनलाइन वर्गातून नैसर्गिक रंगाई शिकले, तर सुती कापड आधी हिरड्याच्या काढ्यात बुडवावे, म्हणजे त्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य धाग्याला चिकटते, आणि मग तुरटी द्यावी, जी रंगबंधक म्हणून रंग धरून ठेवते, हा विधी पडद्यावरूनही नीट कळतो. परंतु मंजिष्ठेचा लाल रंग पाण्यातील चुन्याच्या प्रमाणानुसार पालटतो, आणि शिकणाऱ्याच्या घरचे पाणी दूरच्या शिक्षकाला पाहता येत नाही. रंग पक्का बसला का, याची धुलाई व ऊन ही परीक्षा घरीही खरीच, किंबहुना निष्पक्षही. मात्र ती उणीव दाखवते, उपाय सांगत नाही, आणि तेरच्या परीक्षेनंतर नामदेवांनाही गुरू विसोबा खेचरांकडे जावे लागले होते.