बहिरेपण आणि अदृष्ट

वैशेषिक दर्शनात बहिरेपणाचं कारण दिलेलं आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या प्रशस्तपादांनी ‘पदार्थधर्मसंग्रहा’त आकाशाची चर्चा करताना ओघाओघात ते सांगितलं. शब्द हा आकाशाचा गुण. आकाश एकच आहे, सर्वत्र आहे, नित्य आहे. कानाच्या पोकळीनं वेढलेला त्याचा जो भाग, तेच श्रोत्र, म्हणजे ऐकण्याचं इंद्रिय. मग अडचण उभी राहते. आकाशाला झीज नाही, मोडतोड नाही, तर माणूस बहिरा होतो कसा? प्रशस्तपादांचं उत्तर असं की पोकळीतलं हे आकाश त्या त्या जीवाशी त्याच्या धर्माधर्मानं, म्हणजे अदृष्टानं, बांधलेलं असतं. बांधणारं ते उणं पडलं की ऐकू येत नाही.

कॉलेजात संस्कृत शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. हा परिच्छेद मी मिरजेत कितीतरी मुलांना शिकवला. पुढे माझेच कान गेले, आणि प्रशस्तपादांचं मत मला घराघरांतून साध्या मराठीत ऐकायला, खरं तर ओठांवरून वाचायला, मिळू लागलं. “मागच्या जन्मीचं काहीतरी असणार गं,” असं एका लग्नात नात्यातल्या एका वयस्क बाई शेजारणीला म्हणाल्या. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी आवाज खाली आणला नव्हता, आणि तोंडही माझ्याकडेच होतं. त्या दुष्ट नाहीत. माझ्या आजारपणात त्यांनी डबे पाठवले आहेत. पण भल्या माणसाच्या तोंडून आलं म्हणून ते विधान भलं ठरत नाही. मला त्याचा विचार करावाच लागला, कारण जे शास्त्र मी आदरानं शिकवलं, त्याच शास्त्राचा आधार त्या वाक्याला होता.

माझा आजार मेनिएरचा. प्रॉस्पर मेनिएर पॅरिसला मूकबधिरांच्या संस्थेत डॉक्टर होते. त्यांनी १८६१ साली या आजाराचं वर्णन केलं. आतल्या कानातल्या नळ्यांमध्ये पाणी असतं, ते प्रमाणाबाहेर साठतं. आधी कानाला दडे बसल्यासारखे वाटतात, मग भणभण सुरू होते, आणि मग चक्कर. चक्कर म्हणजे डोळ्यांपुढे येणारी अंधारी नव्हे. भिंत, कपाट, पंखा सगळं एकाच बाजूला ओढलं जातं, आणि आपण फरशीवर पालथं पडून फरशीलाच धरून राहतो. उलट्या होऊन पोटात काही उरत नाही. झटका ओसरला की ऐकणं आणखी थोडं कमी झालेलं असतं. मीठ कमी केलं, लोणचं-पापड बंद केले, बीटाहिस्टिनच्या गोळ्या घेतल्या. चक्कर आटोक्यात आली. ऐकणं मात्र आधी डाव्या कानाचं गेलं, मग उजव्याचं.

मेनिएरच्या आधी डॉक्टर अशा चकरेला मेंदूत रक्त साकळल्याचा झटका समजत आणि रोग्याचं रक्त काढत. चक्कर, भणभण आणि बहिरेपण ही तिन्ही एकाच घरातली आहेत, आणि ते घर म्हणजे आतला कान, हे मेनिएर यांनी दाखवलं. कारण दिसलं तशी वागणूक बदलली.

इथेच मला वैशेषिकांचे सूत्रकार कणाद आठवतात. वैशेषिक सूत्रांत अदृष्टाला नेमून दिलेली कामं पाहण्यासारखी आहेत. सुई चुंबकाकडे सरकते ती अदृष्टामुळे. अग्नीची ज्वाळा वर जाते ती अदृष्टामुळे. झाडाच्या मुळाशी घातलेलं पाणी शेंड्याला चढतं तेही अदृष्टामुळे. जिथे डोळ्याला कारण दिसेना, तिथे कणादांनी ‘न दिसलेलं’ असं लिहून ठेवलं. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. सुईनं मागच्या जन्मी काही पुण्य केलं होतं, असा अर्थ त्यातून कुणी काढला नाही. आज चुंबकाचं कारण आपल्याला माहीत आहे, झाडातल्या पाण्याचंही माहीत आहे, आणि त्या जागांवरून अदृष्ट मुकाट्यानं उठून गेलं आहे. त्यासाठी वैशेषिक दर्शन बुडालं नाही. मग एकट्या बहिऱ्याच्या कानावरच ते ठाण मांडून का बसावं?

आता मी कॉक्लियर इम्प्लांट या यंत्रानं ऐकते, आणि माझ्या उजव्या कानामागे कातडीखाली त्याचं एक लहानसं चुंबक आहे. बाहेरची चकती, जिला कॉइल म्हणतात, केसांतून वर नेली की ती आपली जागा शोधते आणि टक्‌कन चिकटते. रोज सकाळी हे करताना कणादांची सुई माझ्या मनात येते.

अदृष्टाची ही गोष्ट केवळ मनाला लागणाऱ्या बोलण्यापुरती राहिलेली नाही. जन्मांध आणि जन्मबधिर यांना मनुस्मृतीनं वडिलार्जित वाट्यातून वगळलं, फक्त पोटापुरतं द्यायला सांगितलं. हा अडसर काढायला १९२८ सालचा कायदा यावा लागला. म्हणजे माझ्या आजीच्या हयातीपर्यंत बहिरेपण हा नुसता आजार नव्हता, तो एक निकाल होता, आणि त्याची अंमलबजावणी सातबाऱ्यावर होत होती. कारण चुकीचं लावलं की शिक्षाही चुकीच्या माणसाला होते. म्हणून मी या प्रश्नाला केवळ पोथीतला प्रश्न मानत नाही.

तरीही प्रशस्तपादांच्या म्हणण्यातला एक धागा मी सोडणार नाही. इंद्रिय नष्ट होत नाही, जोड तुटते, असं ते म्हणाले. धर्माधर्म बाजूला ठेवला तर माझ्या कानाचं वर्णन याहून नेमकं करता येत नाही. आतल्या कानात अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. हवेतली थरथर विजेच्या इशाऱ्यात बदलायची आणि नसेच्या हवाली करायची, हे त्यांचं काम. पक्ष्यांमध्ये त्या मेल्या तर पुन्हा उगवतात. माणसात उगवत नाहीत, आईच्या पोटात मिळाल्या तेवढ्याच. माझ्या बऱ्याचशा मेल्या. नस मात्र जिवंत होती, मेंदू शाबूत होता, आणि पन्नास वर्षं ऐकलेलं मराठी डोक्यात जसंच्या तसं होतं. मधला दुवा तेवढा नव्हता.

तो दुवा बाहेरून घालण्याचं काम १९५७ मध्ये पॅरिसला सुरू झालं, पण माणसाला बोलणं समजेल असं अनेक इलेक्ट्रोडचं यंत्र घडवणाऱ्यांत मेलबर्नचे ग्रॅम क्लार्क आघाडीवर होते. त्यांच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं आणि वडिलांना कमी ऐकू यायचं. गिऱ्हाईक काय मागतंय ते कळेना म्हणून होणारी त्यांची ओढाताण या मुलानं पाहिली होती. १ ऑगस्ट १९७८ रोजी क्लार्क यांनी रॉड सॉन्डर्स नावाच्या माणसावर शस्त्रक्रिया केली. अपघातात त्यांचं ऐकणं गेलं होतं. पुढे यंत्र सुरू केल्यावर राष्ट्रगीताची धून दिली, तेव्हा सॉन्डर्स उठून ताठ उभे राहिले. शब्द अजून यायचे होते, पण उभं राहायचं हे त्यांना कळलं.

माझी शस्त्रक्रिया पुण्याला झाली. जखम भरल्यावर ‘स्विच-ऑन’ झालं. ऑडिओलॉजिस्ट मुलीनं तोंडापुढे पुठ्ठा धरला आणि एकेक ध्वनी काढला: आ, ई, ऊ, स, श, म. मला सगळे सारखेच वाटले, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसे. घरी लेक रोज समोर बसून वर्तमानपत्र वाचायची आणि मी ओळीवर बोट ठेवून मागे जायची. मग कागदाशिवाय जोड्या. काळ की गाळ, पान की भान, खार की घार. यात मी सपशेल अडकत होते. अक्षर सुटं आलं की ओळखता येईना.

आणि एका दुपारी मी ओट्याशी पाठमोरी उभी असताना मागून आलं, “आई, आमटी अळणी झालीय.” मी मीठदाणी उचलली, मग थबकले. मागे वळून ओठ पाहिले नव्हते. वाक्य सगळंच्या सगळं, एकदम, अर्थासकट आलं होतं. यातलं ‘ळ’ कुठे होतं आणि ‘ण’ कुठे, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

भर्तृहरी ‘वाक्यपदीया’त हेच सांगतो. वाक्य अखंड असतं, अर्थ वाक्यात एकाएकी उजळतो. पदं आणि वर्ण हे आपण समजुतीसाठी नंतर पाडलेले तुकडे. मीमांसकांना हे पटलं नाही. वर्ण हेच खरे, ते नित्य आहेत, ध्वनी त्यांना फक्त प्रकट करतो, असं त्यांचं म्हणणं. हा वाद मी फळ्यावर दोन रकाने आखून शिकवत असे. माझ्या कानाचा कौल भर्तृहरीला आहे. निरोगी कानाच्या माणसाला हा अनुभव यायचा मार्ग नाही, कारण त्याच्याकडे वर्ण आणि वाक्य इतक्या लगोलग पोहोचतात की आधी काय आलं ते निवडता येत नाही. माझ्याकडे वर्ण मोडके येत होते आणि वाक्य धड पोहोचत होतं.

मात्र ध्वनी आणि शब्द वेगळे, यावर या दोघांचंही एकमत आहे, आणि माझ्या दृष्टीनं तोच मोलाचा भाग. एक जुने सहकारी मला म्हणाले, “बाई, पण हा काही खरा आवाज नव्हे. यंत्र तुम्हाला काहीतरी ऐकवतंय.” हे अनेकांच्या मनात असतं. बावीस इलेक्ट्रोडनी दिलेली वीज म्हणजे माझ्या लेकीचा आवाज कसा? पण त्यांच्या कानातही त्यांच्या मुलीचा आवाज शिरत नाही. हवा पडद्यापर्यंतच जाते. पुढे मेंदूकडे जातात ते विजेचेच इशारे, त्यांच्याही आणि माझ्याही. त्यांचे तलम, माझे भरड, एवढाच फरक. ध्वनी भरड झाला म्हणून शब्द खोटा होत नाही. तसं असतं तर घसा बसलेल्या माणसाचं, फोनवरचं, बोबड्या मुलाचं, कुणाचंच बोलणं खरं धरता आलं नसतं. आमटी खरोखर अळणी होती.

यंत्र जे देत नाही तेही सांगितलं पाहिजे, कारण मी मिरजेची आहे. इथे सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत घातलेले असतात, आणि दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गवई येऊन गातात. स्वराची उंची-खोली या यंत्रातून फार ढोबळ येते. तंबोऱ्याची तार छेडल्याचं कळतं, षड्ज भरून राहिलेला कळत नाही. ताल मात्र चोख येतो. ठेका कुठला, सम कुठे, हे मी पूर्वीसारखंच सांगते. सॉन्डर्स राष्ट्रगीताला उभे राहिले ते बहुधा याच्याच बळावर. गाण्याचं दुःख मला आहे, आणि त्याला मी कसलाही मुलामा देणार नाही.

आणखी एक गोष्ट. मला वाक्य सापडलं, कारण वाक्य माझ्याजवळ आधीपासून होतं. जे जन्मापासून ऐकत नाहीत आणि खुणांच्या भाषेत वाढले, त्यांना मोठेपणी हे यंत्र बसवलं तर आवाज येतो, बोलणं उलगडतंच असं नाही. त्यांच्यापैकी कितीतरी जण हे यंत्र नाकारतात आणि आम्ही मोडलेले नाही म्हणतात. मला ते पूर्ण पटतं. बोटांनी, भुवयांनी, खांद्यांनी केलेलं वाक्यही अखंडच उजळतं. ध्वनी हे शब्दाचं केवळ वाहन असेल, तर हातानं काय पाप केलं? नवविधा भक्तीत पहिलं श्रवण, उपनिषदांतही आधी श्रवण आणि मग मनन. या श्रवणाचा अर्थ कानाच्या पोकळीपुरता धरला तर आपण प्रशस्तपादांच्याही मागे जातो. समोरच्यानं मांडलेलं वाक्य आपल्यात पुरतं होऊ देणं, एवढं ज्याला जमलं त्यानं ऐकलं. धडधाकट कान असलेल्या किती माणसांना ते जमतं, हे मी बहिरी असताना जवळून पाहिलं आहे.

आता माझ्याकडे लोक विचारायला येतात. खर्च लाखांत आहे. सरकारी मदत प्रामुख्यानं लहान मुलांसाठी आहे. मुलांना ती मिळालीच पाहिजे, पण साठीच्या माणसाला घरचेच पैसे मोजावे लागतात, आणि घरचे विचारतात, “आता या वयात कशाला?” हा प्रश्न पैशाचा वाटतो, तरी त्यामागे तोच जुना निकाल उभा असतो: याच्या वाट्याला जे आलं ते आलं.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार मुलाबरोबर आले होते. गावच्या भजनी मंडळात आयुष्यभर पखवाज वाजवलेला, आता पाच-सहा वर्षं दोन्ही कान बंद. मुलानं वहीत लिहून माझे प्रश्न त्यांना दाखवले. ते बोलले मात्र खणखणीत, “मॅडम, भजन ऐकू येईल का?” मी वहीत लिहिलं: शब्द येतील, पण मेहनत करावी लागेल. ठेका लवकर येईल. चाल कदाचित पहिल्यासारखी कधीच येणार नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं. मुलगा खर्चाचं काही बोलू लागला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं आणि मला विचारलं, “ठेका येईल ना पण?”

मी म्हटलं, येईल. हे लिहावं लागलं नाही, त्यांनी ते माझ्या तोंडाकडे बघूनच घेतलं. छाटणी उरकली की पुण्याला तपासणीला जायचं त्यांनी तिथेच ठरवलं, आणि मुलाला ऑडिओलॉजिस्टचा नंबर वहीत उतरवून घ्यायला लावला.