रसविघ्ने आणि कलासंकेतस्थळाची वाट

अभिनवगुप्ताने सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये नाट्यशास्त्रावर ‘अभिनवभारती’ ही टीका लिहिताना रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. ती इंटरनेटवरील कलाप्रदर्शनाला लावून पाहिली की एक प्रश्न नेमका उभा राहतो: कलाकृतीपर्यंतची वाट सापडत नसेल, तर उणीव रसिकाच्या अधिकाराची, म्हणजे आस्वाद घेण्याच्या पात्रतेची, की वाट बांधणाऱ्याची?

२००० साली अमेरिकेत सुरू झालेल्या डेव्हियंटआर्ट या संकेतस्थळावर एकच चित्र चित्रकाराच्या दालनात, तिथल्या एखाद्या फोल्डरात, एखाद्या समूहाच्या संग्रहात आणि परक्या चाहत्याच्या आवडत्या कृतींतही भेटते, त्यामुळे आपण नेमके कोणाच्या दालनात उभे आहोत हे नवख्याला उमगत नाही. २०२० मध्ये ‘एक्लिप्स’ ही नवी मांडणी सर्वांना लागू झाली, तेव्हा जुन्या सदस्यांनाही सरावाच्या वाटा पुन्हा शिकाव्या लागल्या. हे ‘प्रतीत्युपायवैकल्य’ होय, म्हणजे ज्या साधनांनी प्रतीती यायची त्या साधनांतलीच उणीव. ‘संशय’ हे विघ्न याहून सूक्ष्म आहे. अश्रू आनंदाचे की नेत्ररोगाचे हे एकट्या अश्रूंवरून ठरत नाही, असे अभिनवगुप्त दाखवतो; २०२२ मध्ये याच संकेतस्थळाने ‘ड्रीमअप’ हे चित्रे निर्माण करणारे यंत्रसाधन आणल्यापासून, समोरचे चित्र हाताचे की यंत्राचे, हा संशय तिथल्या पाहण्याला चिकटला आहे.

उणीव रसिकाची की वाट बांधणाऱ्याची, या प्रश्नाचे एक उत्तर छत्तीसगढमधल्या भिलाईच्या परिसरात पूर्वीपासून नांदते आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या, भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या तीजनबाई पंडवानी, म्हणजे महाभारताचे छत्तीसगढी कथागायन, कापालिक शैलीत सादर करत आल्या. या शैलीत गायिका उभी राहून अभिनयासह कथा सांगते, आणि तिच्या हातातला तंबुरा घटकेत भीमाची गदा, घटकेत अर्जुनाचे धनुष्य होतो. एका वस्तूची इतकी रूपे होऊनही श्रोता गोंधळत नाही, याचे बरेचसे श्रेय ‘रागी’ला आहे; हा साथीदार हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो आणि कथा कुठे पोहोचली हे सर्वांना कळवतो.

अभिनवगुप्तही विघ्नांवरचे उपाय मुख्यतः रंगभूमीकडूनच मागतो: पूर्वरंग (नाटकाआधीचे विधी), गायन, अभिनय. सहृदयाने, म्हणजे जाणत्या रसिकाने, काव्याच्या परिशीलनाने मन स्वच्छ करावे ही अपेक्षा तो सोडत नाही, हे खरे. पण बटणांच्या जागा पाठ करणे म्हणजे ते परिशीलन नव्हे. म्हणून अशा संकेतस्थळावर वाट चुकणाऱ्याला अरसिक ठरवणे अन्यायाचे आहे.

तरीही शिकणाऱ्याला तिथे रागीच्या जवळपासचे काही सापडते, ते म्हणजे दुसऱ्या रसिकाने निवडून लावलेला संग्रह. त्याच्या मागोमाग गेल्यास स्वतःहून कधीच न शोधलेले चित्र समोर येते. यंत्राच्या शिफारशी मात्र बहुतांशी प्रेक्षकाच्या पूर्वीच्या आवडीवरून पुढचे चित्र सुचवतात, आणि त्यामुळे ज्या विघ्नाला अभिनवगुप्त ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होणे, म्हणतो, ते हटण्याऐवजी पोसले जाते.