मारीचाची हाक

टेक्सासमधल्या मार्बल फॉल्स गावच्या बर्नहॅम बंधूंनी १९५०च्या दशकात एक अजब माल बाजारात आणला: मरणाऱ्या सशाचा टाहो. छोट्या नळकांड्यात बसवलेली एक पातळ पत्ती. ती नीट फुंकली की जबड्यात सापडलेला ससा ओरडतो तशी किंकाळी निघे आणि ती ऐकून कोल्हे, रानमांजरं, कायोटी धावत येत. कायोटी म्हणजे अमेरिकेतला, लांडग्याहून लहान पण त्याच कुळातला प्राणी. पुढे वेको गावच्या जॉनी स्टुअर्टने खऱ्या जनावरांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि त्यांच्या तबकड्या विकल्या. आता तबकड्याही गेल्या. रिमोटवर चालणाऱ्या एका पेटीत शेकडो आवाज मावतात.

ही शिकार बघण्यासारखी असते. शिकारी वाऱ्याकडे तोंड करून झुडपाला पाठ लावून बसतो आणि स्पीकर तीस-चाळीस पावलांवर ठेवतो, म्हणजे येणाऱ्याची नजर तिकडेच खिळते. तोंडाने नळी फुंकणारा ओठांचा दाब कमीजास्त करून आवाज चढवतो-उतरवतो आणि ओंजळ उघडून-मिटून त्यात हुंदका आणतो. जनावर जवळ आलं की नळीसुद्धा लागत नाही. हाताच्या पाठीला ओठ लावून चोखलं की उंदराची चीची निघते. अनुभवी कायोटी मात्र सरळ येत नाही. तो लांबून वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि हुंगतो. कानांनी ऐकलेलं नाकाने तपासून घ्यायची ही रीत एखाद्या नैयायिकालाही पसंत पडेल.

आता प्रश्न असा, की हे खोटं बोलणं आहे का? जनावराला भाषा नाही, मग त्याच्याशी खोटं कसं बोलणार, असं म्हणून तो झटकता येतो. निसर्गाचा दाखलाही देता येतो. ॲमेझॉनच्या जंगलात मार्गे नावाच्या रानमांजराने टॅमरिन माकडाच्या पिल्लाचा आवाज काढून कळपाला भुलवायचा प्रयत्न केला, अशी २००५ सालची नोंद आहे. मांजर करतं ते माणसाने केलं तर बिघडलं कुठे? पण मार्गेला दुसरा मार्ग नाही आणि त्याने कसलं व्रतही घेतलेलं नाही. धर्माचा प्रश्न निघतो तो ज्याला हात आवरता येतो त्याच्यापाशी.

या वादातला सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड वकील खुद्द राम आहे. वाल्मीकी रामायणात आडून बाण मारल्याबद्दल वाली त्याला जाब विचारतो, तेव्हा रामाच्या उत्तरात एक युक्तिवाद शिकारीचा आहे. माणसं जाळी, फास आणि लपवलेल्या युक्त्या वापरून प्राणी धरतात. तो पळत असो, घाबरलेला असो की निर्धास्त असो, त्यात दोष नाही. राजर्षीसुद्धा मृगया करतात. आणि तू तर वानर. वालीचा मुद्दाही कमी धारदार नव्हता. माझं मांस खाण्याजोगं नाही, कातडं पांघरण्याजोगं नाही, मग मला मारून तुला मिळालं काय? कायोटीला बोलता आलं असतं तर त्याने बहुधा हेच विचारलं असतं. त्याचं मांस सहसा कोणी खात नाही आणि कातडीला भाव असला तरच ती विकली जाते.

गंमत अशी, की त्याच रामायणात खोट्या हाकेने रामाचीही शिकार झालेली आहे. मारीच राक्षसाने दोन सापळे लावले होते. पहिला सोन्याच्या हरणाचा. तो हव्यासासाठी होता आणि हव्यासाला भुलून कोणी फसलं तर आपण त्याला फार दूषण देतो असं नाही. दुसरा सापळा बाण लागल्यावरचा: रामाच्या आवाजात सीता-लक्ष्मणाला मारलेली आर्त हाक. लक्ष्मणाने ती ओळखली. तो रामाला ओळखून होता. पण सीतेला राहवलं नाही. हा सापळा हव्यासावर नव्हता, मायेवर होता. ऐकणाऱ्याला मारीचाच्या मायावी हरणापेक्षा ही हाकच जास्त झोंबते, ती यामुळे.

शिकाऱ्याच्या पेटीतही हे दोन सापळे शेजारी शेजारी असतात. सशाची किंकाळी भुकेला बोलावते. कायोटी येतो तो कोणाला वाचवायला नव्हे, खायला येतो. काट्याला आमिष लावण्यापेक्षा हे फारसं वेगळं नाही आणि त्याला खोटेपणा म्हणणं ताणलेलं वाटतं. पण त्याच यादीत कायोटीच्या जखमी पिल्लाचा टाहोही आहे. त्याला ओ देतात ते बहुतेकदा आई-बाप. इथे जनावराला मारणारी गोष्ट त्याचा लोभ नसून त्याचं पालकपण आहे. दोन्ही आवाजांना एकाच मापाने मोजणं ही या वादातली खरी चूक आहे.

मेंढपाळ इथे आपल्याला थांबवील, आणि त्याचं ऐकायला हवं. घरी पिल्लं असलेली कायोटीची जोडी वसंतात सर्वांत जास्त कोकरं मारते. पिल्लं काढून टाकली की मेंढ्या मारण्याचं प्रमाण एकदम खाली येतं, असं वायोमिंगमधल्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे ज्या मायेवर सापळा लावायचा तीच माया कोकरांच्या जिवावर उठलेली असते. अमेरिकी सरकारचं वन्यजीव खातंही दरवर्षी साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतं.

मेंढपाळाच्या बाजूने बोलणारी गोष्टही आहे. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला बलाक नावाच्या व्याधाची गोष्ट सांगतो. त्याने पाणी पिणारं एक आंधळं श्वापद मारलं आणि तो स्वर्गात गेला, कारण ते श्वापद सगळ्या प्राण्यांच्या नाशाला उठलं होतं. लगेच पुढे कौशिक येतो. तो सत्यव्रती, लुटारूंना लपलेल्या माणसांचा खरा पत्ता सांगतो आणि नरकात जातो. म्हणजे मारणं नेहमी पाप नाही आणि खरं बोलणं नेहमी पुण्य नाही. कोकरं राखणारा मेंढपाळ बलाकाच्या जवळचा आहे. पण बलाक म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी आणि बायका-पोरांसाठी शिकार करत होता, छंद म्हणून नव्हे, हे कथेत मुद्दाम सांगितलेलं आहे.

योगसूत्रांवरचं व्यासभाष्य याहून कडक आहे. फक्त मासेच मारीन, दुसरं काही मारणार नाही, असं म्हणणाऱ्या कोळ्याची अहिंसा त्याला तुटपुंजी वाटते. महाव्रत सगळीकडे आणि सगळ्यांशी पाळायचं. सत्याबद्दलही त्याची अट आहे की वाणी फसवी नसावी आणि सगळ्या भूतांच्या भल्यासाठी असावी. भूतांच्या, म्हणजे माणसांपुरती नाही. या कसोटीवर सशाचा टाहोही उतरत नाही. पण ही कसोटी योग्यासाठी आहे आणि मेंढपाळाला ती लावणं ज्याच्या घरी मेंढ्या नाहीत त्याला फार सोपं जातं.

अमेरिकी कायदा वेगळीच रेघ मारतो. स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीत ध्वनिमुद्रित आवाजाला, काही अपवाद सोडले तर, बंदी आहे; तोंडाने बदकासारखं ओरडायला मुभा. कौशल्याला मान आणि यंत्राला मनाई, असा त्याचा कल दिसतो. आपल्याकडचे फासेपारधी तोंडाने साद घालून तितराला फाशाकडे आणत, त्यातली करामत कोणीही मानेल. पण फसणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर फरक काय पडला? मारीचाकडेही यंत्र नव्हतं.

अलीकडे वाद पेटला आहे तो स्पर्धांवरून: ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त कायोटी मारणाऱ्याला बक्षीस. कॅलिफोर्नियाने २०१४ साली अशा बक्षिसांवर बंदी घातली, व्हरमाँटने २०१८ मध्ये कायोटींच्या स्पर्धा थांबवल्या आणि न्यू मेक्सिकोने २०१९ मध्ये. कोकरांच्या नावाने दिलेली सूट बक्षिसासाठी वापरली जाते तिथे बलाकाची साक्ष काढता येत नाही, हे या राज्यांनी आपल्या भाषेत मान्य केलं. पण हे कायदे स्पर्धेपाशी थांबतात. एकट्याने, हौसेखातर, पिल्लाचा टाहो वाजवून आईला समोर आणणाऱ्याला ते हात लावत नाहीत.