अजाणता आणि जाणूनबुजून अजाण

अजाणता घडलेल्या व्रतभंगाचा दोष लागत नाही, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. परंतु अजाणता म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला पडला तो देवळाच्या मंडपात नव्हे, तर कोरियातील सोल शहराच्या बाजारात.

2005 साली पुन्हा मोकळ्या केलेल्या छंगयेछन ओढ्याच्या काठाने शहर पाहत मी ग्वांगजांग बाजारात पोहोचलो. 1905 साली स्थापन झालेल्या या बाजारात कापडाच्या दुकानांबरोबर खाद्यपदार्थांचीही दाटी आहे. दिवस सोमवारचा होता. आम्ही गोमंतकीय मत्स्याहारी खरे. तथापि सोमवारी घरात शिवराक, हा आजीपासूनचा नेम. एके ठिकाणी भिजवलेले मूग दगडी जात्यात दळून त्यांची जाड धिरडी तव्यावर तळीत होते. ते पाहताच परकेपणा ओसरला. शेजारी तांदळाच्या पिठाच्या कांड्या तांबड्या तिखट रशात रटरटत होत्या. त्यांस तोकबोक्की म्हणतात. विकणाऱ्या वृद्ध बाईंनी एक कांडी काडीस टोचून हसत पुढे केली. रशात काय आहे, हा प्रश्न ओठांवर आला. तो मी गिळला आणि पाठोपाठ कांडीही.

तो रस्सा पुष्कळदा सुकी बारीक मासळी उकळून करतात, हे संध्याकाळी कळले. मन म्हणाले, "अजाणता घडले." पण खरोखर तसे होते काय? भाषा येत नव्हती, तरी माशाचे चित्र दाखवून विचारता आले असते. उत्तर आले तर कांडी सोडावी लागेल, म्हणूनच मी विचारले नाही. मग मनाने दुसरी सबब काढली: प्रेमाने दिलेल्या अन्नाची चौकशी केल्यास त्या माउलीचा अपमान झाला असता.

दुसऱ्या दिवशी जोग्येसा या बौद्ध मंदिरात गेलो. कोरियातील मठांच्या स्वयंपाकात मांस-मासळी तर नसतेच. शिवाय लसूण, कांद्याची पात इत्यादी पाच उग्र भाज्याही वर्ज्य असतात. आपल्या नैवेद्याच्या स्वयंपाकातही कांदा-लसूण नसतो. आहाराचे नेम ज्या देशात इतकी शतके पाळले जात आहेत, तेथील बाईंस माझा नेम समजला नसता, असे मी कशावरून ठरवले? अनादर विचारण्यात नव्हता. तो माझ्या या गृहीतात होता.

म्हणून नेमस्ताने परदेशी अन्नास शिवूच नये, असे मी म्हणत नाही. मुगाची ती धिरडीही काही ठिकाणी डुकराच्या चरबीत तळतात. ओळखीचे रूप पाहून निर्धास्त होणेही योग्य नव्हे. नेम माझा, तेव्हा विचारण्याचे ओझेही माझेच. नम्रपणे विचारावे, चालत असेल तर आनंदाने खावे, नसेल तर हात जोडून पुढे जावे. माझा सोमवार मासळीच्या रसाने मोडला नाही. तो त्याआधीच, प्रश्न गिळला तेव्हाच मोडला होता.